मोठ्या वयात निघणारे दुर्मिळ आजार : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

मी या भागात बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो. खालचे प्रश्न ओपीडीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर खानापूरच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघताना विचारलेले आहेत. उत्तरं वाचून चालू गोळ्या बंद करू नका. उत्तरं घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला.

दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ? आमच्या गावात तर असं कुणालाच नाही.

जागतिक आरोग्य संघटना हजारात एक किंवा त्याहून कमी लोकांना होणाऱ्या आजाराला दुर्मिळ म्हणते. युरोपात दहा हजारांत पाच हा हिशेब धरतात, तर अमेरिकेत सगळ्या देशात मिळून दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण. भारताने स्वतःचा असा आकडा न ठरवता २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात आजारांची यादी केली. जगात असे सात हजारांच्या आसपास आजार धरले जातात. एकेक घेतला तर क्वचितच दिसेल, पण सगळ्यांची बेरीज केली की बरीच माणसं होतात. आणि तुमच्या गावात कुणाला नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा कुणाला ओळखला गेलेला नाही एवढंच खात्रीने म्हणता येतं.

जन्मजात आजार चाळिशीत कसा निघेल? असता तर लहानपणीच दिसला असता की.

सगळे नाही दिसत. यातले बहुसंख्य आजार जनुकातल्या बिघाडाने होतात हे खरं, पण बिघाड जन्मापासून असला तरी त्याचं नुकसान हळूहळू साठत जातं. विल्सन आजारात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही. ते वर्षानुवर्षं यकृतात, मेंदूत, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला साचतं आणि विशी-पंचविशीत पोराचा हात थरथरायला लागतो, अक्षर बिघडतं. फॅब्री आजारात लहानपणी तापात किंवा उन्हात हातापायांची आग होते, घाम कमी येतो. घरचे त्याला उष्णता म्हणतात. तिशी-चाळिशीत मूत्रपिंड आणि हृदय बोलायला लागतं.

शिवाय दुर्मिळ आजार सगळेच जन्मजात नसतात. काही बाळंतपणानंतर होतात, काही शरीराची प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे, काही एखाद्या ग्रंथीवर गाठ आल्यामुळे.

(विल्सन म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यामुळे झालं का? नाही. पण आजार निघाल्यावर त्या माणसाने तांब्याचं भांडं वापरू नये.)

तीन दवाखाने झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून गोळ्या दिल्या. खरंच मनाचं असेल का?

असेलही. मनाचा आजार हाही आजारच आहे, त्याला हसू नका. पण 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'जे तपासलं ते नॉर्मल' एवढाच होतो. जे तपासलंच नाही त्याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

एक उदाहरण देतो. अॅक्यूट पॉरफायरिया नावाच्या आजारात पोटात भयंकर कळा येतात, उलट्या होतात, कधी हातपाय लुळे पडतात, कधी माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. पोट दाबून बघावं तर मऊ. सोनोग्राफी साफ. बऱ्याच जणींचं अपेंडिक्स यात विनाकारण काढलं जातं. 'जणींचं' म्हणतोय, कारण हे झटके जास्त करून तरुण बायकांना, पाळीच्या आधीच्या दिवसांत येतात. उपाशी राहिल्याने झटका येतो. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केला आणि अष्टमीला अॅडमिट, असा इतिहास असेल तर मी लगेच कान टवकारतो. काही सल्फा औषधं आणि फिट्सच्या काही गोळ्याही झटका आणतात.

याची तपासणी लघवीतली आहे, नाव पीबीजी. पण नमुना झटका चालू असतानाच घ्यायला हवा. बरं वाटल्यावर निवांत लॅबमध्ये गेलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, आणि मग वर्षभर सगळे तुम्हाला 'टेन्शन' म्हणत राहतील. बाटलीला उजेड लागता कामा नये. आमच्या लॅबचा पोऱ्या ती क्ष-किरण फिल्मच्या काळ्या कागदात गुंडाळून रबर लावून पाठवतो. कागद नसेल तर चांदीसारखी दिसणारी जेवणाची फॉइल चालते. लघवी उन्हात ठेवल्यावर गडद लालसर होते का, हे घरच्यांनी पाहिलं असेल तर तेवढं वाक्य डॉक्टरांना सांगा. हजारोंच्या स्कॅनपेक्षा ते वाक्य उपयोगी पडेल.

मग शंका कधी घ्यायची? प्रत्येक दुखण्याला दुर्मिळ म्हणत बसलो तर वेड लागेल.

बरोबर आहे. आधी नेहमीचं बघून घ्यायचं : टीबी, थायरॉइड, साखर, बी-१२, मूत्रपिंड, रक्तक्षय. माझ्याकडे 'काहीतरी दुर्मिळ आहे' म्हणून आलेल्या बहुतेकांचं उत्तर याच यादीत निघालं, आणि ते निघालं याचा मला आनंदच झाला.

पण काही गोष्टी ऐकल्या की मी पेन खाली ठेवून नीट ऐकतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन अवयवांचं दुखणं एकाच माणसात : कमी वयात मोतीबिंदू, त्यात टाचेच्या शिरेवर गाठी आणि वर्षानुवर्षांचे जुलाब. किंवा नेहमीचा आजार, पण नको त्या वयात : पस्तिशीत पक्षाघात. किंवा दोन हातांचा बीपी वेगळा येणं आणि भांडी घासताना एकच हात भरून येणं. तरुण बाईत हे असेल तर ताकायासू नावाचा मोठ्या धमन्यांचा दाह असू शकतो. ओपीडीत गर्दी असली की आम्ही एकाच हाताचा बीपी घेतो, त्यामुळे हे निसटतं. म्हणून दुसऱ्याही हाताचा घ्या असं खुशाल सांगा. राग येणार नाही, आला तर येऊ दे.

काही आजार घरच्यांना दिसतच नाहीत, कारण ते रोज बघत असतात. अॅक्रोमेगॅलीत डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीवर छोटी गाठ होते आणि वाढीचं हार्मोन जास्त सुटतं. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही, पण हात-पाय-जबडा रुंदावतो, आवाज जाड होतो, घाम फार येतो, साखर आणि बीपी लागतो. माझ्या एका रुग्णाचा आजार अथणीच्या चप्पल करणाऱ्याने पकडला. दर दोन-तीन वर्षांनी हा गडी त्याच्याकडून पायताण करून घ्यायचा. कागदावर पाय ठेवून माप काढताना कारागीर म्हणाला, "अण्णा, चाळिशीत पाय वाढतोय व्हय तुमचा?" जुन्या मापाचा कागद त्याने जपून ठेवला होता. दोन्ही कागद माझ्या टेबलावर आले तेव्हा पुढची रक्ततपासणी, आयजीएफ-१, मी जवळपास खात्रीनेच लिहिली. तुमच्याकडे असे कागद नसतील, पण लग्नातला फोटो असेल, बोटात न जाणारी अंगठी असेल. घेऊन या.

निदानाला इतकी वर्षं का लागतात? डॉक्टरांना येत नाही का?

कधी येत नाही, कधी विचारायचं राहतं. दुसरं जास्त वेळा होतं. मी माझंच सांगतो.

खानापूर तालुक्यातली एक बाई, वय अडतिशीचं. सतत गळाठा, थंडी वाजते, भूक नाही. दोनदा 'मीठ कमी झालं' म्हणजे रक्तातलं सोडियम उतरलं म्हणून ती अॅडमिट झाली, सलाइन लावलं की बरी होऊन घरी. मी थायरॉइडसाठी टीएसएच लिहिला, नॉर्मल आला. बी-१२ दिलं. लोह दिलं. असं दीड वर्ष चाललं. एके दिवशी तिच्यासोबत नवऱ्याऐवजी सासू आली. मी कागद चाळत होतो आणि सासू आपली बोलत होती : "धाकट्याच्या टायमाला लई रगत गेलं की वो डॉक्टर. बाटल्या चढवल्या. तवापासनं ही अशीच. दूधच उतरलं न्हाई, गाईचं पाजून पोरगं वाढवलं."

धाकटा तेव्हा अकरा वर्षांचा होता. मी बाईला विचारलं, पाळी? म्हणाली, त्यानंतर आलीच नाही, वय झालं असेल म्हणून सोडून दिलं. सत्ताविसाव्या वर्षी!

हा शीहान सिंड्रोम. बाळंतपणात फार रक्त गेलं की पिट्युटरी ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सुकते. दूध येत नाही, पाळी परतत नाही, काखेतले केस गळतात, आणि थायरॉइड व अॅड्रिनल या दोन्ही ग्रंथींना वरून हुकूमच जात नाही. टीएसएच हा तो वरचा हुकूम आहे. ग्रंथीच सुकली असेल तर टीएसएच नॉर्मल किंवा कमी दिसतो आणि आपण फसतो. सोबत फ्री टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) आणि सकाळचं कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं हार्मोन) करायला हवं. मी दीड वर्ष केलं नव्हतं. उपचार काय, तर रोजच्या स्वस्त गोळ्या. पण क्रम महत्त्वाचा आहे : आधी स्टेरॉइड, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर जीवावर बेतू शकतं.

तेव्हापासून साठीच्या बाईलाही मी शेवटचं बाळंतपण कसं झालं ते विचारतो. सोबतचा पुरुष कधी कधी चुळबुळ करतो.

फाइल कशी लावायची? आमच्याकडे पिशवीभर कागद आहेत.

पिशवी आणाच, पण त्यावर एक कागद हवा. शाळेच्या वहीचं पान पुरे. डावीकडे साल, उजवीकडे काय झालं. तारीख आठवत नसेल तर 'थोरलीच्या लग्नाच्या वर्षी', 'महापुराच्या पावसाळ्यात' असं लिहा, आम्ही लावून घेतो. पहिलं लक्षण कोणतं, त्यानंतर काय वाढलं, कोणत्या औषधाने बरं वाटलं, कोणत्या औषधाने बिघडलं. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात.

मग काम. उद्यमबागेतल्या फौंड्रीत वाळूचं काम केलेल्या माणसाच्या छातीतले डाग टीबीचे समजून औषधं सुरू होतात आणि प्रत्यक्षात सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, निघतो. साखर कारखान्यात बुरशी आलेल्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीत काम करणाऱ्याला संध्याकाळी ताप आणि धाप येते, आणि दर वेळी न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक मिळतं. नुसतं 'नोकरी' लिहू नका, हात कशात असतात ते लिहा.

रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअॅपवर असतील तर ठीक, पण बायोप्सी झाली असेल तर तिचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. मोठ्या सेंटरला तेच पुन्हा बघायचे असतात. एमआरआयची सीडी फिल्मपेक्षा मोलाची.

गावठी औषध घेत होतो हे सांगायलाच हवं का? डॉक्टर ओरडतात.

ओरडले तरी सांगा, पुडी दाखवा. काही भस्मांत शिसं असतं. शिशाच्या विषबाधेत पोटात कळा, रक्तक्षय आणि हातांची कमजोरी येते, म्हणजे वर सांगितलेल्या पॉरफायरियाची जवळपास नक्कल. पुडी लपवली तर आम्ही जनुकात शोधत बसू आणि ती तुमच्या फडताळात असेल.

काजूच्या बागेतून आल्यावर ताप आला. हा दुर्मिळ आजार का?

या प्रश्नाची वेगळी जागा आहे, कारण इथे उशीर दिवसांत मोजतात, वर्षांत नाही. खानापूरकडची माणसं हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत कामाला जातात. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप, तिथे आणि दोडामार्ग भागात आढळलेला आहे. १९५७ मध्ये तो शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. गोचिडीमुळे होतो; जंगलात माकडं मेलेली दिसली असतील तर तेही सांगा. दुसरा तसाच निसटणारा म्हणजे स्क्रब टायफस. चावल्या जागी, बहुधा काखेत किंवा जांघेत, काळी खपली असते. कपडे बाजूला करून शोधल्याशिवाय दिसत नाही. डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या गोळीने तो उतरतो, पण आठवडाभर डेंग्यू-टायफॉइड करत बसलं तर माणूस व्हेंटिलेटरवर जातो.

बेळगावातच होईल की बेंगळूर-मुंबईला जावं लागेल?

सुरुवात इथेच करा. बेळगावात बिम्सचं सिव्हिल आहे, केएलईचं हॉस्पिटल आहे. हाडामांसाचा, मेंदूचा, हार्मोनचा बहुतेक प्राथमिक शोध इथे लागतो. निपाणी-चिकोडीवाल्यांना मिरज-कोल्हापूर जवळ पडतं, जांबोटीकडचे लोक बांबोळीला, म्हणजे गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात. गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क लागतं, पैसे घेऊन जा.

मज्जातंतू किंवा स्नायूचा न उलगडणारा आजार असेल तर बेंगळूरचं निमहान्स. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीत पोचवते. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणाखाली नेमलेली उत्कृष्टता केंद्रं आपल्याला दोन्ही दिशांना आहेत : बेंगळूरला सेंटर फॉर ह्यूमन जेनेटिक्स आणि इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था मिळून एक, मुंबईला केईएम. प्रौढ रुग्णाला कुठल्या विभागात जायचं, हे फोन करून विचारूनच गाडीत बसा.

एक विनंती. दर दोन महिन्यांनी नवा दवाखाना धरू नका. जवळचा एक डॉक्टर पक्का ठेवा, बाहेरची सगळी मतं त्याच्याकडे परत आणा. तुकडे जोडायला कुणीतरी एका जागी बसलेलं लागतं.

डॉक्टर कन्नड बोलतात, आम्हाला नीट सांगता येत नाही.

'मुंग्या येतात', 'बधिर होतं', 'आग होते' आणि 'चमक निघते' या चार वेगळ्या तक्रारी आहेत. वाटेत दुभाष्या त्यांची एकच 'नोवु' करून टाकतो, म्हणजे नुसतं दुखणं. निदानात यातला फरक फार मोठा असतो. दोन्ही भाषा नीट येणारं घरातलं माणूस न्या. शाळेत जाणारी नात पुष्कळदा जावयापेक्षा चांगलं सांगते. चालणं, थरथर, पापणी पडणं यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. मायस्थेनियात, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजारात, पापणी संध्याकाळी पडते आणि ओपीडी असते सकाळी. व्हिडिओला भाषा लागत नाही.

जनुकीय तपासणी केली की सगळं कळतं ना?

नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं रक्त जातं, काही आठवड्यांनी रिपोर्ट येतो, आणि पुष्कळदा त्यात उत्तर नसतं. कधी 'अनिश्चित अर्थाचा बदल' असं लिहून येतं. तो आजार नव्हे. तसा रिपोर्ट हातात घेऊन नातेवाइकांत सांगत फिरू नका. एक्झोम म्हणतात त्या तपासणीत काही आजार सहसा दिसतच नाहीत. मायोटॉनिक डिस्ट्रोफी हा त्यातलाच : मूठ आवळली की लवकर सुटत नाही, मोतीबिंदू लवकर येतो, पुढच्या पिढीत आजार अधिक कमी वयात आणि जास्त जोराने येतो. त्याला वेगळी तपासणी लागते, आणि ती लिहायला आधी कुणीतरी त्या माणसाशी हात मिळवायला हवा. फॅब्रीत पुरुषाचं निदान रक्तातल्या एन्झाइमवर होतं, पण बाईत एन्झाइम नॉर्मल असूनही आजार असू शकतो, तिथे जनुकच बघावं लागतं.

म्हणून शंका कोणत्या आजाराची, हे लिहिल्याशिवाय रक्त पाठवण्यात फारसा अर्थ नाही.

आमचं लग्न मामाच्या मुलीशी झालंय. त्यामुळे झालं का?

आपल्या भागात हे नातं सर्रास आहे, काही घरांत तर मामा-भाचीचंही लग्न होतं. त्याने आजार निर्माण होत नाही. पण एकाच आजा-आजीकडून आलेला लपलेला बिघाड नवरा-बायको दोघांत असण्याची शक्यता वाढते, आणि तसा तो दोघांत असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. तुमचा स्वतःचा आजार असेल तर प्रश्न तुमच्या आई-वडिलांच्या नात्याचा, तुमच्या लग्नाचा नाही. बायकोला बोल लावणाऱ्यांना हे ऐकवा.

खर्चाचं काय?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः अॅडमिट झाल्यावरच्या उपचारांना. ओपीडीतल्या जनुकीय तपासणीचा खर्च सहसा खिशातून जातो. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. राजकारण बाजूला ठेवून सांगतो : ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला आधी फोन करा, कुठला दाखला लागतो ते लिहून घ्या, मग निघा. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मात्र यादीतल्या आजारालाच आणि उत्कृष्टता केंद्रामार्फतच. त्या यादीत लहानपणी दिसणारे आजार बरेच आहेत.

औषधच नसेल तर निदान करून फायदा काय?

विल्सन, शीहान, मायस्थेनिया, अॅक्रोमेगॅली या सगळ्यांवर उपचार आहेत, म्हणून आधीच 'औषध नाही' धरून बसू नका. आणि खरंच नसलं तरी नको ती औषधं, नको ती ऑपरेशनं थांबतात. मायोटॉनिक डिस्ट्रोफी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ वेगळी काळजी घेतो, हृदयाची पट्टी दरवर्षी काढली जाते.

भावाला विल्सन निघाला. बाकी भावंडांना काहीच त्रास नाही. तपासायचं का?

हो, याच महिन्यात. प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता असते आणि लक्षणं दिसण्याआधी औषध सुरू झालं तर बहुधा ती दिसतच नाहीत. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, यकृताच्या तपासण्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर बुबुळाची कडा. लघवीसाठी पाच लिटरचा कॅन लॅबमधूनच घ्या, घरातला तेलाचा धुऊन आणू नका. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. लग्न झालेल्या बहिणीलाही बोलवा. तिच्या सासरी कसं सांगायचं ते जमत नसेल तर मला फोन लावून द्या, मी सांगतो.